वाचक विचारतात : फ्लँज मागताना नेमकं काय मागायचं?

मागच्या अंकात पाईपच्या शेड्यूलबद्दल लिहिलं होतं, ४ इंची पाईप म्हटला तरी त्याची जाडी वेगवेगळी का असते ते. त्यावर बरीच पत्रं आली आणि बघतो तर विषय पाईपचा कमी आणि फ्लँजचाच जास्त (फ्लँज म्हणजे पाईपच्या टोकाची भोकांची चकती, दोन चकत्या बोल्टनं आवळल्या की जॉइंट होतो). एका अर्थी बरंच झालं, कारण लाईन गळते ती बहुतेक जॉइंटला गळते, आणि जॉइंटचं दुखणं फ्लँज मागवताना लिहिलेल्या त्या अर्ध्या ओळीत सुरू झालेलं असतं. पाच पत्रं घेतलीत. काही उत्तरं लांबलीत, पण ती लांब असायलाच हवीत.

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या खरेदी विभागात नवीन लागलोय. कूलिंग वॉटरच्या पंपासाठी "४ इंची १६ किलोचे फ्लँज" अशी ऑर्डर दिली. माल आला, फिटरनं पंपाला लावून बघितला तर भोकं जुळेनात. दुकानदार म्हणतो मागितलं तेच दिलंय, फिटर म्हणतो चुकीचा माल आणलाय, आणि साहेब माझ्याकडं बघतायत. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही बरोबर आहेत भावा, ऑर्डर अर्धवट होती एवढंच. "४ इंची १६ किलो" (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवरचा दाब) हे फ्लँजचं पूर्ण नाव नाही. आपल्याकडं बाजारात चार घराण्यांचे फ्लँज एकाच रॅकवर असतात. अमेरिकन एएसएमई बी१६.५, ज्यात क्लास १५०, ३०० असे आकडे येतात. युरोपियन, ज्यात पीएन १०, पीएन १६ असतं. जुनं ब्रिटिश बीएस १०, ज्याला आपण डी टेबल, ई टेबल म्हणतो. आणि आपलं आयएस ६३९२. बीएस १० जुन्या काळचं खरं, पण आपल्याकडच्या पंपांवर, व्हॉल्व्हवर आणि साखर कारखान्यांच्या जुन्या लाईनींवर ते अजून ठाण मांडून बसलंय.

आता ४ इंचीचेच आकडे बघ. क्लास १५० ची ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, २२९ मिमी, पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १९०.५, भोकं ८ आणि भोक १९ मिमीचं. पीएन १६ ची ओडी २२०, पीसीडी १८०, भोकं ८, भोक १८ चं. ई टेबलची ओडी २१६, पीसीडी १७८, भोकं ८, भोक १८ चं. आणि डी टेबलची ओडी, पीसीडी सगळं ई सारखंच पण भोकं मात्र ४. तुझ्या दुकानदारानं "१६ किलो" ऐकून पीएन १६ दिला असणार, ते त्याच्या बाजूनं बरोबरच आहे, आणि पंप क्लास १५० चा किंवा डी टेबलचा निघाला असणार.

यात एक फसवी जागा आहे ती आत्ताच सांगून ठेवतो. ४ इंचीत पीएन १६ आणि ई टेबलच्या पीसीडीत फरक फक्त २ मिमीचा, म्हणजे प्रत्येक भोकापाशी १ मिमी, त्यामुळं बोल्ट थोडा घासत का होईना पण जातो, आणि मग फिटरच्या डोक्यात बसतं की "पीएन सोळा आणि ई टेबल एकच." मग तोच माणूस ३ इंचीला तेच करायला जातो, आणि तिथं पीएन १६ ची पीसीडी १६० आणि भोकं ८, तर ई टेबलची पीसीडी १४६ आणि भोकं ४. काहीच जुळत नाही. म्हणून एका साईजचा अनुभव दुसऱ्या साईजला लावायचा नाही, दरवेळी तक्ता बघायचा.

आणि हो, तुझ्या फिटरनं एव्हाना गॅस कटर हातात घेतला नसेल तर त्याला थांबव. भोकं लांबट करून बोल्ट ढकलायचा प्रकार मी खूप बघितलाय. नट, वॉशरला खाली पूर्ण बैठक मिळत नाही, बोल्ट तिरका ओढला जातो, गॅस्केट (दोन फ्लँजमध्ये दबणारी, गळती रोखणारी चकती) एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं राहतं. आज पाणी आहे म्हणून नुसतं ठिबकेल, उद्या तीच सवय स्टीमच्या लाईनवर जाईल.

पंपाला काय लागतं ते मोजायला दहा मिनिटं लागतात. ओडी मोज, भोकं मोज, भोकाचा व्यास मोज. पीसीडीसाठी एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घे, ती थेट पीसीडी, मधला सेंटर शोधायची गरजच नाही. फ्लँजच्या भोकांची संख्या चारच्या पटीत असते त्यामुळं समोरासमोर भोक मिळतंच. मग तक्त्याशी ताडून बघ आणि समजा क्लास १५० निघाला तर ऑर्डरमध्ये असं लिही (पंप बिडाचा असेल तर रेझ्ड फेसऐवजी फ्लॅट फेस, का ते तिसऱ्या उत्तरात आहे) : ४ इंच, स्लिप-ऑन, रेझ्ड फेस, क्लास १५०, एएसएमई बी१६.५, मटेरियल एएसटीएम ए१०५ (म्हणजे फोर्जिंगचं कार्बन स्टील). "किलो" हा शब्द ऑर्डरमधून काढूनच टाक. आता हातात आहेत ते फ्लँज कोरे असतील, वेल्डिंग झालेलं नसेल, तर दुकानदार बदलून देईल, पण ही ओळ लिहूनच दुकानात जा.

प्रश्न : मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स बघतो. आमचा साडेदहा किलोचा बॉयलर काढून साडेसतरा किलोचा बसवतोय. जुन्या मेन स्टीम लाईनला सगळे क्लास १५० चे फ्लँज आहेत. काँट्रॅक्टर म्हणतो, क्लास १५० चा फ्लँज २० किलो घेतो, शिवाय लाईन २६ किलोला पाण्यानं टेस्ट करून दाखवली, थेंब गळला नाही. मग बदलायचे कशाला? मालकांनाही ते पटलंय. मला मात्र झोप लागेना.

उत्तर : तुम्हाला झोप लागत नाही हे योग्यच आहे, आणि हे उत्तर मालकांना वाचून दाखवा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काँट्रॅक्टर खोटं बोलत नाही. ए१०५ चा क्लास १५० फ्लँज ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार घेतो, म्हणजे २० किलोच. पण हे थंड फ्लँजचं झालं. लोखंड तापलं की त्याची ताकद उतरते, आणि म्हणूनच स्टँडर्डमध्ये प्रत्येक क्लासला एकच आकडा दिलेला नाही, तापमानाप्रमाणे उतरत जाणारा अख्खा तक्ता दिलाय. क्लास १५० ला १०० अंशाला १७.७ बार, २०० अंशाला १३.८ बार, ३०० अंशाला १०.२ बार. आता साडेसतरा किलोची वाफ किती गरम असते? साधी सॅच्युरेटेड (पाणी उकळून निघालेली, वेगळी न तापवलेली) धरली तरी साधारण २०८ अंश. त्या तापमानाला क्लास १५० चा फ्लँज साडेतेरा बारच्या आसपास घेतो आणि तुम्ही त्याच्यावर सव्वासतरा बार घालणार आहात. हा फ्लँज तिथं बसत नाही. विषय संपला.

मग टेस्ट पास कशी झाली? कारण टेस्ट थंड पाण्यानं केली. थंड असताना क्लास १५० चा जॉइंट ४५० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड), म्हणजे साधारण साडेएकतीस किलोपर्यंत टेस्ट करायची मुभा स्टँडर्डच देतं. तुमचे २६ किलो त्याच्या आतच आले, मग गळेल कसं? हायड्रो टेस्टनं वेल्डिंग कसं झालंय, गॅस्केट नीट बसलंय का ते कळतं. २०८ अंशाला फ्लँज काय करेल हे त्या टेस्टला माहीत नसतं.

जुना बॉयलर इतकी वर्षं याच फ्लँजवर कसा चालला हाही प्रश्न येणार. तेव्हा बरोबरच होतं ते. साडेदहा किलोची वाफ साधारण १८५ अंशाची, त्या तापमानाला क्लास १५० ला १४ बारपेक्षा जास्त परवानगी आहे आणि तुमचं प्रेशर १०.३ बार. म्हणजे फ्लँज तेच, लाईन तीच, फक्त बॉयलरचा आकडा बदलल्यावर बरोबर होतं ते चूक झालं. यात आणखी एक गैरसमज मिसळतो, तो १५० या आकड्याचा. साडेदहा किलो म्हणजे १५० पीएसआय, त्यामुळं खूप जणांना वाटतं की क्लास १५० म्हणजे १५० पीएसआय. तसं नाहीये. थंडला तो २८५ पीएसआय घेतो, खूप गरमला १५० पेक्षाही कमी घेतो. क्लासचा आकडा हे नाव समजा, प्रेशर तक्त्यातूनच काढायचं.

आता करायचं काय. बॉयलरपासून प्रेशर रिड्युसिंग स्टेशनपर्यंतची, म्हणजे वाफेचं प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंतची लाईन क्लास ३०० ची करा. त्याला २०० अंशाला ४३.८ बार परवानगी आहे, म्हणजे चिंता नको. नुसते फ्लँज बदलून भागणार नाही, त्याच लाईनीवरचे व्हॉल्व्ह, ट्रॅप, स्ट्रेनर यांचंही रेटिंग बघा, कारण सगळ्यात कमजोर वस्तूचं रेटिंग तेच लाईनचं रेटिंग. बोल्टही बदलणार. ४ इंचीला क्लास १५० मध्ये ५ सुती ८ बोल्ट असतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), क्लास ३०० मध्ये ६ सुती ८ आणि पीसीडी २००, त्यामुळं जुना आणि नवा चुकूनही जुळत नाही, हे एक बरंच आहे. स्टीमला बी७ चे स्टड आणि २एच चे नट वापरा. गॅस्केट स्पायरल वाउंड घ्या आणि तेही क्लास ३०० चंच मागा, कारण बाहेरची रिंग बोल्टच्या आत बरोबर बसायला लागते, १५० चं घातलं तर मध्यभागी राहणार नाही.

स्टेशनच्या पुढं तुम्ही जेट, जिगर या कापड रंगवायच्या मशीनना ६-७ किलोच वाफ देत असाल तर तिथले क्लास १५० राहू द्या, काही अडचण नाही, पण एका अटीवर. स्टेशनच्या लगेच पुढं सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, त्या खालच्या प्रेशरला सेट केलेला आणि सगळी वाफ सोडू शकेल एवढ्या साईजचा. रिड्युसिंग व्हॉल्व्हची सीट खराब झाली की पूर्ण साडेसतरा किलो पुढं जातं, आणि तेव्हा पुढं माणसं कापडापाशी उभी असतात. हा खर्च मालकांना जड वाटेल, मान्य आहे, पण मी तुमच्या जागी असतो तर सहीच केली नसती.

आणि स्टीम लाईन आयबीआरमध्ये (बॉयलरच्या सरकारी नियमांत) येत असेल, तुमची येणारच, तर फ्लँजसोबत फॉर्म तीन-सी हा टेस्टचा दाखला मागून घ्या. माल आल्यावर कागद मागायला गेलं की तो कधीच मिळत नाही असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही राधानगरी तालुक्यात आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून उपसा सिंचनाची स्कीम केलीय. नदीपासून वर टाकी साधारण ७० मीटर उंच. पंप बिडाचा. वेल्डरनं डिलिव्हरीला नवीन लोखंडी फ्लँज जोडला आणि बोल्ट आवळताना पंपाचाच फ्लँज टक्कन तडकला. पंप खराब होता का आवळणारा?

उत्तर : दादा, नवीन फ्लँजचा चेहरा बघा. मधला गोल भाग बाकीच्यापेक्षा दीड-पावणेदोन मिमी उंच असेल. त्याला रेझ्ड फेस म्हणतात. लोखंडाला लोखंड जोडताना तो चांगला, कारण सगळा दाब गॅस्केटच्या छोट्या कड्यावर येतो आणि जॉइंट घट्ट होतो. पण तुमच्या पंपाचा फ्लँज सपाट आहे आणि बिडाचा आहे. मध्ये टेकला, बाहेर बोल्टापाशी पोकळी राहिली, बोल्ट आवळला की बिडाची कड त्या पोकळीत वाकायला बघते. लोखंड वाकतं, बीड वाकत नाही, तडकतं. म्हणजे पंपही चांगला होता आणि आवळणाऱ्यानंही नेहमीसारखंच आवळलं असणार, जोडी चुकली.

बिडाच्या फ्लँजसमोर सपाट फ्लँजच लावायचा, म्हणजे फ्लॅट फेस. नवीन घ्यायची गरज नाही, हाच फ्लँज पाईपवरून कापून लेथवर उंच भाग उडवून घ्या, गावातला टर्नरही करेल. मध्ये रबराचं ३ मिमीचं पूर्ण गॅस्केट घाला, बोल्टची भोकं पाडलेलं, फ्लँजच्या ओडीपर्यंत पोचणारं. आणि पाईप पंपापासून लांब राहिला असेल तर तो बोल्टनं ओढून आणायचा नाही. पाईपला खाली टेकू द्या, दोन्ही फ्लँज आपोआप समोरासमोर आले पाहिजेत, बोल्ट हातानं आत गेला पाहिजे. ओढून बसवलेल्या लाईनीचा सगळा ताण बिचारा पंप सोसत राहतो.

७० मीटर उंचीचं विचारलंय म्हणून सांगतो. १० मीटर पाण्याला १ किलो धरा, म्हणजे ७ किलो नुसते उंचीचे, वर लाईनीतलं घर्षण. डी टेबल थंड पाण्याला १०० पीएसआयचा, म्हणजे जेमतेम ७ किलो. त्यात लाईट अचानक गेली की वर चढणारं पाणी उलटं फिरतं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतं, तो दणका तर वेगळाच. तुमच्या स्कीमला पंपापासून निदान खालच्या टप्प्यात ई टेबल घ्या, तो २०० पीएसआयचा. ४ इंचीला त्याची भोकं डी टेबलसारखी ४ नसून ८ असतात, म्हणून पंपाशी जुळतंय का ते आधी बघा, जुळत नसेल तर पंपापाशी एक जोडतुकडा करून घ्या, एका बाजूला पंपासारखा फ्लँज, दुसऱ्या बाजूला ई टेबल.

प्रश्न : नमस्कार सर, गोकुळ शिरगावला माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. ड्रॉइंगमध्ये वेल्ड नेक ए१०५ असतं, पण पार्टी म्हणते स्लिप-ऑन लावा, नाहीतर प्लेटमधून प्रोफाईल कटिंग करून घ्या, स्वस्त पडेल. कधी हो म्हणायचं आणि कधी नाही?

उत्तर : ताई, दोन वेगळे प्रश्न आहेत.

वेल्ड नेक आणि स्लिप-ऑन यात फरक वेल्डचा आहे. वेल्ड नेकला निमुळती मान असते, ती पाईपला टोकाला टोक लावून जोडली जाते, त्यामुळं पाईपकडून येणारा ताण हळूहळू फ्लँजमध्ये उतरतो, आणि त्या वेल्डचा एक्स-रे काढता येतो. स्लिप-ऑन पाईपवर सरकवून आतून-बाहेरून फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) मारायचा, लावायला सोपा, फिटअपला चूक खपवून घेतो, पण त्या वेल्डचा नीट एक्स-रे निघत नाही. थंड पाणी, हवा, कमी प्रेशरची लाईन असेल तर स्लिप-ऑनला माझी काहीच हरकत नाही. स्टीम जास्त प्रेशरची, वारंवार गरम-थंड होणारी, थरथरणारी लाईन, ज्वलनशील किंवा विषारी माल असेल तर वेल्ड नेकच. आणि ड्रॉइंगमध्ये लिहिलंय ते बदलायचं तर डिझाईन करणाऱ्याची लेखी परवानगी, पार्टीच्या फोनवर नाही. वेल्ड नेक मागवताना पाईपचं शेड्यूल लिहायला विसरू नका, बोअर त्यावर ठरतो. नाहीतर आत पायरी राहते आणि वेल्डर तुमच्या नावानं बोटं मोडतो.

प्लेटचं मात्र स्पष्ट आहे. एएसएमई बी१६.५ प्लेटमधून फक्त ब्लाइंड आणि काही बिनहबचे रिड्युसिंग फ्लँज करायला परवानगी देतं. मान असलेला किंवा हबचा (मागं उंचवटा असलेला) फ्लँज फोर्जिंगचा किंवा कास्टिंगचाच. जाडजूड प्लेट गोल कापून भोकं पाडली आणि वर "बी१६.५" पंच मारला तर तो बी१६.५ होत नाही. प्लेटमध्ये आत पदर सुटलेला असू शकतो, ज्याला आपण लॅमिनेशन म्हणतो, वरून काही कळत नाही आणि आवळल्यावर, वेल्डच्या ओढीनं तो उघडतो. ई टेबल, डी टेबल किंवा युरोपियन प्लेट फ्लँज असा प्रकारच वेगळा आहे, तिथं आयएस २०६२ ची चांगली प्लेट खुशाल वापरा, आपल्या भागातल्या पाण्याच्या लाईनी त्याच्यावरच उभ्या आहेत. नाव मात्र खरं लिहा.

विकत घेताना फ्लँजच्या कडेवर बघा. बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण, साईज, क्लास, बी१६, ए१०५, आणि हीट नंबर (लोखंड कुठल्या वितळणीतलं ते सांगणारा). हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. नुसता "ए१०५" पंच आहे आणि हीट नंबर नाही, तर तो मी स्टीमवर लावणार नाही. तुमचं युनिट लहान आहे म्हणून कागद मागायला संकोच करू नका, मोठ्या कंपन्यांचे इन्स्पेक्टर पहिल्यांदा तेच मागतात.

एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) काम करत असाल तर जाता जाता एक. ३१६एल हे स्टेनलेस ए१०५ पेक्षा महाग म्हणून जास्त प्रेशर घेईल असं वाटतं, ते उलटं आहे. क्लास १५० मध्ये थंडला ए१०५ ला १९.६ बार आणि ३१६एल ला १५.९ बार. ते गंज न लागण्यासाठी घ्यायचं, ताकदीसाठी नाही.

प्रश्न : आयटीआय करतोय, फिटर ट्रेड. जॉइंट आवळताना सरळ एका बाजूनं गोल फिरत गेलं तर काय बिघडतं? आणि जुनं गॅस्केट चांगलं दिसत असेल तर परत चालतं का?

उत्तर : गॅस्केट परत वापरायचं नाही, एकदा दबलं की त्याचं काम झालं, कितीही नवं दिसू दे.

गोल फिरत गेलास तर पहिल्या बोल्टापाशी फ्लँज मिटतो आणि समोर तोंड उघडतो, मग समोरचा कितीही ओढला तरी गॅस्केट सारखं दबत नाही. म्हणून समोरासमोर. ८ बोल्ट असतील तर १, ५, ३, ७, मग २, ६, ४, ८. पहिल्या फेरीत सगळे तीस टक्क्यांपर्यंत, दुसरीत साठ-सत्तर, तिसरीत पूर्ण. शेवटी एक फेरी गोल फिरून सगळे तपासायचे, तिथं गोल चालतं. आवळण्याआधी आट्यांना आणि नटाच्या टेकणाऱ्या बाजूला वंगण लाव, नाहीतर तुझा जोर आट्या घासण्यातच जातो आणि बोल्ट ताणलाच जात नाही. नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. पान्याला पाईप लावून लांब करायची सवय लावून घेऊ नको, ५ सुती बोल्ट त्यात सहज ताणून जातो आणि तुटेपर्यंत कळत नाही. तुझ्या वर्कशॉपमध्ये टॉर्क पाना असेल तर सरांना सांगून एकदा तो हातात घे, किती जोराला किती टॉर्क येतो ते हाताला कळलं की पुढं साध्या पान्यानंही हात फारसा चुकत नाही, पण स्टीमच्या जॉइंटला तेव्हाही टॉर्क पानाच वापर.